वसतिगृह आपापलं, शाळा सगळ्यांची

शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठी पहिलीचा अर्ज भरताना पालकाला पडद्यावरच्या नकाशात आपलं घर दाखवावं लागतं. लोकेशनचा बलून ओढत नेऊन नेमका आपल्या दारावर ठेवायचा, की एक किलोमीटर, तीन किलोमीटर अशा अंतरांतल्या शाळांची यादी खाली उघडते. त्यातल्या जास्तीत जास्त दहा निवडायच्या. पुढे लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा नाहीतर जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, सोडत, पडताळणी समिती. या सगळ्याच्या आधी, यादी उघडते त्या क्षणीच पुष्कळ आईबाप चक्रावतात. जिची घंटा रोज घरात ऐकू येते, जिच्या बस गल्लीच्या तोंडाशी उभ्या असतात, ती शाळा यादीत नसते. ती अल्पसंख्याक दर्जाची शाळा असते आणि तिला हा कायदा लागू नाही.

अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. तो राज्यघटनेने दिलेला आहे आणि तो कुणी हिरावू नये, असं मला मनापासून वाटतं. पण शाळा चालवण्याचा हक्क म्हणजे कुठलं मूल आत घ्यायचं आणि कुठलं फाटकाबाहेर ठेवायचं, हे ठरवण्याचा अमर्याद हक्क नव्हे. त्यातून सरकारी तिजोरीतला पैसा घेऊन तर हा हक्क बजावता येणारच नाही. दर्जाचं प्रमाणपत्र समाजाच्या मुलांसाठी होतं, ते आज पुष्कळ ठिकाणी संस्थाचालकांची ढाल झालेलं आहे.

सार्वजनिक पैसा आणि शाळेचं दार यांचा संबंध महाराष्ट्राला आणि जुन्या मुंबई इलाख्याला नवा नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील, ही भीती होती. प्रकरण कलकत्त्याला गेलं, विलायतेला गेलं, वरच्यांनी मुंबईचं म्हणणं मान्य केलं नाही. १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेला खुल्या राहतील. त्याच पत्रकात एक दुसरी गोष्टही होती आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. ज्या शाळांना सरकार काही अंशी मदत करतं, त्या शाळेने जातीवरून वा वंशावरून कुणाला बाहेर ठेवलं, तर तिची मदत थांबवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे राखून ठेवला. हे प्रत्यक्षात कितपत पाळलं गेलं, ते पुढे व्हरांड्यात बसून शिकलेल्या पिढ्यांना विचारावं. तरी अनुदान आणि प्रवेश यांची गाठ या मातीत तेव्हापासून बांधलेली आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्याचा गाभाही हाच. रयतेच्या घामातून गोळा होणारा महसूल आणि त्यावर शिकणारे वरच्या वर्गातले मोजके, हा हिशेब त्यांनी इंग्रज सरकारच्या तोंडावर मांडला. स्वतः फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ज्या काळी गावातल्या शाळा शूद्रांना दारात उभं करत नव्हत्या, त्या काळी मिशनरी शाळांनी त्यांना वर्गात बसवलं. हे ऋण मान्य न करता आज या शाळांवर टीका करायला निघणं मला कृतघ्नपणाचं वाटतं. अहमदनगरला अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून फुल्यांना जे सुचलं, त्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ती शाळा एका धर्माच्या माणसांनी काढलेली होती आणि इतरांच्या लेकींसाठी उघडी होती. धर्माची शाळा आणि उघडं दार यांत मुळात वैर नाही, हे सांगायला यापरता दाखला शोधायची गरज नाही.

आणि कोल्हापूर. १९०१ पासून शाहू महाराजांनी समाजासमाजांची वसतिगृहं उभी केली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आपल्या माणसांच्या आधाराने, आपल्या ताटात जेवून मूल शहरात टिकावं, ही त्यामागची सोय. दरबाराने जागा दिल्या, पैसा दिला, म्हणजे सार्वजनिक पैसा समाजाच्या संस्थांना मिळाला आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते सर्वांसाठी. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. वसतिगृह आपापलं, शाळा सगळ्यांची. समाजाचा आधार कुठे लागतो आणि सगळ्यांनी एकत्र कुठे बसायचं, याची इतकी स्वच्छ समज त्यानंतरच्या आपल्या धोरणांत मला फारशी आढळत नाही.

आता घटनेकडे. कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, आणि अनुदान देताना व्यवस्थापन अल्पसंख्याकांचं आहे म्हणून भेदभाव करू नका असंही बजावतं. त्याच्या शेजारीच कलम २९ चं दुसरं उपकलम आहे: सरकारच्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कुणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम २८ सांगतं की अनुदानित शाळेत संमतीवाचून कुणाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. तिन्ही कलमं एकत्र वाचली की घटनाकारांच्या मनातलं चित्र दिसतं. संस्था तुमची, व्यवस्थापन तुमचं, पैसा सर्वांचा घेतलात तर दार सर्वांना.

न्यायालयांनी हे चित्र पुढे अनेकदा नव्याने रंगवलं. १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बाहेरचे थोडे विद्यार्थी घेतल्याने संस्थेचं अल्पसंख्याकपण जात नाही. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स प्रकरणात अनुदानित संस्थेला आपल्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी पन्नास टक्क्यांपर्यंत प्राधान्य देता येईल, अशी मध्यरेषा आखली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी ती सरसकट मर्यादा सैल केली आणि प्रमाण स्थानिक गरजेनुसार राज्याने ठरवावं असं सांगितलं. इथवर हा तोल सांभाळण्याचाच प्रयत्न होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि खासगी शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात असं ठरलं. २०१२ मध्ये न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळलं, आणि तेही नुसत्या पंचवीस टक्क्यांतून नव्हे, अख्ख्या कायद्यातून.

अख्खा कायदा म्हणजे काय, याचा विचार फार थोडे करतात. या कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला मनाई करतं. कलम १६ मुलाला शाळेतून काढून टाकण्याला आडवं येतं. कलम १७ मुलाला मारायला, त्याचा मानसिक छळ करायला बंदी करतं. यातल्या कुठल्या कलमाने कुठल्या धर्माचं वा भाषेचं वैशिष्ट्य बुडतं? छडी ही काही कुणाची सांस्कृतिक ठेव नाही. राज्यांचे इतर कायदे आहेत, महाराष्ट्रात देणगीविरोधी कायदा १९८७ पासून आहे, हे खरं. तरी सहा वर्षांच्या मुलाला संसदेने दिलेलं संरक्षण त्याच्या शाळेच्या दर्जावर अवलंबून राहावं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

प्रमती निकालाला घटनेचा आधार नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम १५ चं पाचवं उपकलम अल्पसंख्याक संस्थांना प्रवेशाच्या विशेष तरतुदींतून स्पष्टपणे वगळतं. गरीब मुलं पाठवून सरकार संस्थेचा चेहरामोहरा बदलून टाकेल, ही धास्ती त्यामागे आहे. ती धास्ती तपासण्यासाठी आकडे पाहू. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या अल्पसंख्याक शाळांमधले ६२.५ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे आहेत. आर्थिक-सामाजिक दुर्बल गटांतली मुलं मात्र ८.७६ टक्केच. धार्मिक अल्पसंख्याकांमध्ये मुस्लिमांचा वाटा ६९.१८ टक्के आणि अशा शाळांमधला वाटा २२.७५ टक्के, ख्रिस्ती समाजाचा अल्पसंख्याकांमधला वाटा ११.५४ टक्के आणि शाळांमधला ७१.९६ टक्के. या अहवालाच्या शिफारशींमागचे हेतू अनेकांना संशयास्पद वाटले. त्या वादात न शिरताही एक प्रश्न उरतो. शंभरातली बासष्ट मुलं बाहेरची असून संस्थेचा पोत बिघडला नाही, तर आणखी काही गरीब मुलं आल्याने तो कसा बिघडणार? बाहेरचं मूल फी भरणारं असलं की चालतं आणि बिनफीचं असलं की धर्म आडवा येतो, असा याचा अर्थ होतो. यात धर्माचा संबंध कमी आणि शुल्काचा जास्त.

हे मी सरसकट सगळ्या शाळांबद्दल म्हणत नाही. मालेगाव-भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या शाळा यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या असतात. तिथे पंचवीस टक्क्यांचा प्रश्नच येत नाही, कारण वर्गात बसलेली बहुतेक मुलं त्याच घटकातली. त्या शाळांना इमारत हवी, संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार सरकारने ठरवलेल्या शिक्षकसंख्येत, मंजूर झालेली शिक्षकपदं भरलेली हवीत, विज्ञानाचं साहित्य हवं. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम चार टक्के मदरशांत जातात. बाकीची तुमच्याआमच्यासारख्या शाळांत, नाहीतर शाळेबाहेर. म्हणजे सवलतीने जपल्या जाणाऱ्या संस्था एकीकडे आणि त्या समाजाची मुलं दुसरीकडे, अशी ही फाटाफूट आहे.

खरी अडचण शहरातल्या मध्यम आणि महागड्या शाळांची, त्यातही भाषिक अल्पसंख्याक दर्जाची. महाराष्ट्रात गुजराती, सिंधी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा कितीतरी भाषांच्या संस्थांना हा दर्जा मिळतो. विश्वस्त मंडळात त्या भाषेच्या लोकांचं बहुमत, संस्थेच्या घटनेत तसा उद्देश, अल्पसंख्याक विकास विभागाकडे प्रस्ताव, आणि प्रमाणपत्र. पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची निघते, फलकही इंग्रजी, आणि जिच्या नावाने दर्जा मिळाला ती भाषा वेळापत्रकात शोधावी लागते. न्यायालयांनी हे बेकायदा मानलेलं नाही; आपल्या पसंतीची संस्था म्हणजे आपली भाषाच शिकवणारी संस्था असं नव्हे, हे १९६८ पासून ठरलेलं आहे. कायद्यात बसतं म्हणून ते न्याय्य ठरत नाही. दर्जा भाषेचा, फायदा फाटकाचा, असा हा व्यवहार आहे.

अकरावीला याचं दुसरं रूप दिसतं. अल्पसंख्याक कनिष्ठ महाविद्यालयात निम्म्या जागा त्या समाजासाठी, शिवाय इनहाऊस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीचा) आणि व्यवस्थापन कोटा. नामांकित महाविद्यालयात या निम्म्या जागांवर गुणांची रेघ खुल्या यादीपेक्षा खाली येते, आणि जिथे समाजाचे विद्यार्थीच पुरेसे नसतात तिथे जागा रिकाम्या राहून ‘सरेंडर’ होण्याची, म्हणजे सर्वांच्या यादीत परत येण्याची, वाट पाहतात. तोवर गावाकडून आलेलं पोर दोन फेऱ्या थांबून मिळेल तिथे नाव घालून मोकळं होतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक महाविद्यालयांतल्या अकरावीच्या प्रवेशांना सामाजिक आरक्षण लावू पाहिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला अंतरिम स्थगिती दिली. स्थगिती मला योग्य वाटली. घटनेत लिहिलेली सूट शासन निर्णयाने पुसता येत नाही. हे काम संसदेचं, किंवा मोठ्या घटनापीठाचं. त्या दिशेने एक पाऊल पडलंही आहे: १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी प्रमती निकालाच्या योग्यतेबद्दल शंका नोंदवून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवला.

इथे मला एका वर्गापासून स्वतःला स्पष्टपणे वेगळं करायचं आहे. अल्पसंख्याक शाळांची सवलत ज्यांना खुपते, पण सरकारी शाळेच्या परिपाठात एकाच धर्माची प्रार्थना सगळ्यांकडून म्हणवून घेतलेली ज्यांना खुपत नाही, त्यांच्या पंक्तीला मला बसायचं नाही. बहुसंख्याकांच्या अनुदानित संस्थांमध्ये नेमणुका आणि प्रवेश जातीच्या, गोतावळ्याच्या आधाराने होतात, हे महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? त्यांना कुठलं प्रमाणपत्रही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्याबाहेर मदरसे गेले तसेच वैदिक पाठशाळाही गेल्या, याचाही उल्लेख या मंडळींच्या भाषणांत कधी येत नाही. सरकारचं सांगावं तर फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी वा अनुदानित शाळा किलोमीटरभरात असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून मोकळीक, अशी अधिसूचना महाराष्ट्र सरकारनेच काढली होती. तेव्हा दर्जा-बिर्जा काही नसलेल्या बहुतांश खासगी शाळा एका फटक्यात सुटणार होत्या. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली म्हणून गरिबांच्या जागा वाचल्या.

म्हणून अल्पसंख्याक समाजांना वाटणारी भीती मी खोटी मानत नाही. आज पंचवीस टक्के मागणारं सरकार उद्या मुख्याध्यापक नेमेल, परवा सुट्ट्यांची यादी बदलेल, असं कुणी म्हणालं तर त्याला इतिहासाचा आधार आहे. मुख्याध्यापक, शिक्षक, माध्यम, सण, प्रार्थना, पोशाख हे व्यवस्थापनाकडेच राहिलं पाहिजे. संस्थेचं स्वत्व या गोष्टींत असतं. वर्गात कोण मूल बसलंय, यात ते फारसं नसतं.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला. इंग्लंडमधल्या व्हॉलंटरी एडेड प्रकारच्या चर्चशाळांचा रोजचा सगळा खर्च आणि बांधकामाचा साधारण नव्वद टक्के खर्च सरकार उचलतं. तरीही जागा अपुऱ्या असल्या की त्या आपल्या धर्माच्या मुलांना प्राधान्य देऊ शकतात. चांगल्या शाळेसाठी आईबाप रविवारी चर्चला जाऊ लागतात आणि धर्मगुरूच्या सहीचा कागद जोडतात. यात श्रद्धेचीही विटंबना आहे. आयर्लंडमध्ये दहापैकी नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाच्या; तिथे २०१८ च्या कायद्याने या शाळांना प्रवेशासाठी बाप्तिस्मा पाहायला बंदी केली, मात्र लहान धर्मगटांच्या शाळांना आपल्या मुलांना आधी घ्यायची मुभा ठेवली. बहुसंख्य आणि अल्पसंख्य यांत केलेला हा फरक मला शहाणपणाचा वाटतो. आणि फ्रान्समध्ये १९५९ च्या देब्रे कायद्यापासून करार केलेल्या खासगी शाळांच्या शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्या शाळा बहुतांशी कॅथलिक आहेत, त्यांचं वेगळेपण कायद्यानेच मान्य केलेलं आहे, आणि त्यांच्यावर अट एकच महत्त्वाची: मूळ, मतं वा श्रद्धा न पाहता प्रत्येक मुलाला प्रवेश. साठ वर्षांवर झाली, शाळा टिकून आहेत.

आपल्याकडे काय व्हावं? अनुदानित अल्पसंख्याक शाळेने निम्म्यापर्यंत जागा आपल्या समाजासाठी राखाव्यात. उरलेल्या जागा परिसरातल्या मुलांना सोडतीने द्याव्यात, मुलाखतीवाचून. विनाअनुदानित शाळेत समाजाबाहेरची मुलं निम्म्याहून अधिक असतील, तर तिला पंचवीस टक्क्यांची तरतूद लागू व्हावी. पण त्या पंचवीस टक्क्यांत पहिला हक्क त्याच समाजाच्या, त्याच परिसरातल्या गरीब मुलांचा असावा. जैन शाळेत दुकानातल्या जैन मदतनिसाचं मूल, ख्रिस्ती शाळेत वसईतल्या कोळ्याचं मूल, सिंधी शाळेत उल्हासनगरच्या चाळीतलं मूल. समाजातून तेवढी मुलं आली नाहीत, तरच जागा इतरांकडे जाव्यात. स्वत्व बुडण्याचा आक्षेप इथे उरत नाही. उरला, तर तो गरिबीबद्दलचा आहे हे उघड होईल. छडी, मुलाखत आणि मुलाला काढून टाकणं यांवरची बंदी मात्र कुठल्याही अटीवाचून सर्व शाळांना लागू हवी. आणि दर्जा टिकवायचा असेल तर दरवर्षी पटावरची समाजाची मुलं किती, त्यातली बिनफीची किती, हे शाळेच्या दर्शनी भागात लावावं.

यातलं काहीही मागण्याआधी सरकारने आपला एक हिशेब चुकता केला पाहिजे. महाराष्ट्रात आरटीईच्या प्रत्येक मुलामागे शाळेला वर्षाला फीपोटी १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरलेली आहे, आणि ती वर्षानुवर्षं थकते. छोट्या इंग्रजी शाळांचे चालक शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयात खेटे घालून दमतात, आणि मग त्या मुलांकडे वर्गातच डोक्यावरचं ओझं म्हणून पाहिलं जातं. सहलीची, स्नेहसंमेलनाची वर्गणी त्यांच्याकडून वेगळी मागितली जाते. नवीन शाळा या योजनेत आणायच्या, तर आधी ही थकबाकी द्यावी, आणि पुढची रक्कम शैक्षणिक वर्ष संपायच्या आत शाळेच्या खात्यात जमा व्हावी, अशी कायद्यातच मुदत घालावी.